हेल्मीचं कुठे आणि कधी

ब्राउनश्वाइगचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खालच्या वळणावर ट्राम यायची ती चाकं घासत, किंचाळत यायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला मात्र ती ऐकूही येत नसे. संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजू लागल्या की आई देवापाशी दिवा लावायची. मुद्दाम नव्हे, वेळच तशी जुळायची. पण माझा धाकटा भाऊ निनाद लहान असताना समजायचा की गावातल्या सगळ्या घंटा आमच्या दिव्यासाठीच वाजतात, आणि बरीच वर्षं त्याची ही समजूत कोणी दूर केली नाही. बाबा वोल्फ्सबुर्गला गिअरबॉक्सच्या कामावर जायचे. आई पुण्यात शाळेत मराठी शिकवत असे. मी सहा वर्षांची असताना आम्ही जर्मनीत आलो तेव्हा ती नोकरी सुटली. इथे तिने काही वर्षं नुसतं घर सांभाळलं आणि मग एका शाळेच्या कँटीनमध्ये दुपारचं काम धरलं. घरात ती आणि बाबा मराठी बोलायचे, आणि मी आणि निनाद त्यांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायचो. आई विचारायची, जेवायला काय करू, आणि मी म्हणायचे, एगाल. म्हणजे काहीही चालेल, मला काय त्याचं. हा शब्द आईला अजिबात आवडत नसे, पण ती रोज विचारायची आणि मी रोज तेच सांगायचे.

मी ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे त्या उन्हाळ्यात माझी शाळा संपली होती. आबिटूर, म्हणजे इथली बारावी, झालं होतं, युनिव्हर्सिटीचं अजून ठरत नव्हतं, आणि दिवस असे मोकळे पडले होते की सकाळी उठून खिडकीत बसलं तर दुपार कधी झाली ते कळायचं नाही. तशा त्या दिवसांत एका सकाळी अभयकाकाचा फोन आला. अभयकाका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. तो नोकरीसाठी फिनलंडला गेला, तिथेच त्याने सातूशी लग्न केलं आणि घरी कळवलं ते लग्न होऊन गेल्यावर. बाबांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. आईला वाटलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण सातूकाकूचा विषय निघाला की ती 'भावजींची बायको' म्हणायची, नाव घ्यायची नाही. दोघी तोवर दोनदाच भेटल्या होत्या. दोघींनाही इंग्रजी बोलायचा संकोच, त्यामुळे दोन्ही वेळा त्यांनी एकमेकींना आग्रहाने वाढलं आणि फार कमी बोलल्या.

काका, काकू आणि त्यांची साडेचार वर्षांची हेल्मी त्या वसंतातच फिनलंडहून दक्षिण जर्मनीतल्या बॉबलिंगेनला आले होते. काकाची तिथल्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी नवी, प्रोबेत्साइट चालू, म्हणजे सहा महिने मान खाली घालून काम करायचं. हेल्मीला किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, जागा मिळालेली नव्हती. त्यात काकूला दिवस गेलेले, आणि अचानक रक्तस्राव होऊन तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. वार खाली आहे म्हणे, आता बाळंतपण होईपर्यंत तिथेच झोपून राहायचं, असं बाबांनी फोन कानाला लावूनच आईला सांगितलं. मला वार म्हणजे सोमवार, मंगळवार एवढंच ठाऊक, त्यामुळे आठवड्यातला दिवस खाली कसा येतो या कोड्यात मी बराच वेळ होते. शेवटी निनादने फोनवर शोधून मला समजावलं की वार म्हणजे प्लासेंटा, आणि तेही आईसमोर, त्यामुळे आम्ही तिघंही लाजलो. काकूची आई हयात नव्हती, वडील म्हातारे. हेल्मीला आमच्याकडे आणायचं हे बाबांनी फोन ठेवायच्या आत ठरवून टाकलं, आणि आईनेही एका शब्दाने विरोध केला नाही.

बाबा रविवारी जाऊन तिला घेऊन आले. पांढुरके केस, काकासारख्या जाड काळ्या भुवया, आणि चेहऱ्यावर एक सभ्य परकेपणा, जसा ट्रेनमध्ये समोरच्या बाकावरच्या माणसाचा असतो. हेल्मी म्हणजे मोती, असं काकाने सांगितलं होतं. आईला ते नाव फार आवडलं, पण मोती म्हणून हाक मारणं शक्य नव्हतं, कारण आईच्या माहेरी मोती नावाचा कुत्रा होऊन गेला होता. मग ती हेल्मीच राहिली. तिला मराठीतले चार-पाच शब्द येत होते, पाणी, बस, चल, असे. जर्मन मुळीच येत नव्हतं. आपल्या घरी ती तिच्या आईशी फिनिशच बोलायची आणि बापही तिच्याशी मोडकंतोडकं फिनिश बोलायचा. संध्याकाळी घंटा सुरू झाल्या, आईने दिवा लावला, आणि त्या दिव्याकडे बघता बघता हेल्मीचा चेहरा हळूहळू विस्कटला. 'ॲइती,' ती म्हणाली. माझी आई पटकन वळली आणि म्हणाली, 'काय गं बाळा?' तिला वाटलं, पोरीने आई म्हणून हाक मारली. ॲइती म्हणजे फिनिशमध्ये आई, हे आम्हाला नंतर कळलं, आणि तोवर हेल्मी माझ्या आईच्या कुशीत जाऊन बसलेली होती. तिला काय कळलं ते तिलाच ठाऊक. एवढं खरं की त्यानंतर ती रडली नाही. टेबलाखाली जाऊन बसली आणि तिथेच जेवली.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या वाचनालयातून फिनिशचं पुस्तक आणलं. जर्मन माणसांसाठी लिहिलेलं, अगदी सुरुवातीचं. पहिला धडा ओळख करून देण्याचा, दुसरा देशांचा आणि भाषांचा. ते मी सोडून दिले. हेल्मीला माझं नाव किंवा राष्ट्रीयत्व यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं. तिचे प्रश्न दोनच होते आणि ती ते सकाळपासून विचारत असे. मिस्सॅ ॲइती ओन, आई कुठे आहे. मिल्लोइन ॲइती तुले, आई कधी येणार. त्या पुस्तकातला कुठे आणि कधी यांचा धडा बराच पुढे होता, आणि त्याच्या सुरुवातीला लेखकाने एक दिलगिरीवजा वाक्य लिहिलं होतं की इथून पुढे गोष्टी थोड्या अवघड होतात, विद्यार्थ्यांनी धीर सोडू नये.

मला ते अवघड गेलं नाही, आणि याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही. मी स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचत होते. आई गवार मोडत होती. जर्मनमध्ये घरात म्हणायचं तर 'आत' हा शब्द घराच्या आधी येतो. फिनिशमध्ये तो शब्दाच्या शेपटीला चिकटतो. तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. टेबलावर म्हणायचं तर पॉयडॅल्लॅ, टेबलावरून म्हणायचं तर पॉयडॅल्तॅ. मी हे जर्मनमध्ये आईला सांगत होते, आणि ती गवार मोडता मोडता म्हणाली, 'मग आपल्यासारखंच आहे की. त, तून, वर, वरून.' मी थांबले. आपण मराठीत असं काही करतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आईने हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. कितीतरी वर्षांनी ती शाळेतल्या आवाजात बोलत होती. टेबलाखाली याला काय म्हणतात ते बघ, म्हणाली. मी बघितलं. पॉयडॅन आल्ला. आधी टेबलाच्या, मग खाली. 'बघ,' आई म्हणाली. खालून हेल्मीने आपलं नाव घेतल्यासारखं ऐकलं आणि डोकं बाहेर काढलं. 'पॉयडॅन आल्ला,' तिने दुजोरा दिला. ते तिचं आमच्याशी पहिलं संभाषण.

मग आम्हाला एक नाद लागला. दुपारी आई कामावरून आली की आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसायचो आणि मी धड्यातले शब्द वाचायचे. घरात आणि घरी यात मराठीत फरक आहे. घरात म्हणजे चार भिंतींच्या आत, आणि घरी म्हणजे घरी. फिनिशमध्येही तो आहे. घरी याला त्यांच्यात कोतोना असा एक निराळाच शब्द आहे, आणि पुस्तकात लिहिलं होतं की हा प्रत्यय जुना आहे, नियमात बसत नाही, तसाच पाठ करावा. तोच जुना प्रत्यय वारांना लागतो. सोमवारी म्हणजे मानान्ताइना. आई म्हणाली, आपल्याकडे तरी दुसरं काय आहे, घरी, सोमवारी, तीच ती ई. महिन्यांना आपल्यासारखंच 'त' लागायचं, जुलैत, ऑगस्टमध्ये. सकाळ-संध्याकाळ मात्र त्यांनी 'वर' ठेवलेली. आमुल्ला, सकाळवर. इल्लाल्ला, संध्याकाळवर. हे आईला फार गमतीचं वाटलं, आणि ती दिवा लावताना हेल्मीला 'इल्लाल्ला' म्हणून हाक मारायला लागली. या सगळ्यात केव्हातरी मी आईला मराठीत उत्तरं द्यायला लागले होते. केव्हा, ते सांगता येणार नाही. फिनिशसाठी जर्मन मधे घालणं म्हणजे उगीच लांबून वळसा घेऊन जाणं होतं, म्हणून तो वळसा सुटला. आज हे मी मराठीत लिहिते आहे आणि लिहिताना कुठे अडखळले तर अजूनही आधी मनात तो गवारीचा ढीग येतो.

कुठे हे असं लवकर सुटलं. आई साइरालास्सा, म्हणजे हॉस्पिटलमध्ये. बाळ, वाउवा, आईच्या पोटात. हेल्मीला हे सांगितलं की ती मान हलवायची. जागांवर तिचा विश्वास होता. कधी हे मात्र सुटेना, आणि त्याचं कारण मला बरेच दिवस कळलं नाही. काका रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, दमलेला, टाय सैल केलेला, आणि ती विचारायची, मिल्लोइन. तो म्हणायचा, हुओमेन्ना. म्हणजे उद्या. तो बिचारा तिला हसतं ठेवायला म्हणायचा. एका सकाळी आईने लापशी केली. हेल्मी तिला पूरो म्हणायची आणि त्यावर लोण्याचा गोळा मागायची. लोणी संपलं होतं. मी तिला माझ्या नव्या फिनिशमध्ये सांगितलं, लोणी हुओमेन्ना. तिने चमचा शांतपणे खाली ठेवला, वाटी माझ्याकडे सरकवली आणि खुर्चीवरून उतरून गेली. तेव्हा मला लखकन कळलं. तिच्या लेखी हुओमेन्नाचा अर्थ उद्या नव्हताच. त्याचा अर्थ होता नाही.

हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, तिला खरे दिवस दाखवायला हवेत. तेव्हापासून आमच्या घरात वार आले. तसे ते आधीही होते, पण आम्ही ते कधी पाळले नव्हते. सोमवारी, मानान्ताइना, मुगाची खिचडी. काहीही झालं तरी खिचडी. बुधवारी तळघरात कपडे धुवायला जायचं, आणि मशीनच्या गोल काचेसमोर हेल्मी सिनेमा बघितल्यासारखी बसायची. गुरुवारी चौकातला बाजार. तिथल्या मासळीच्या गाडीपाशी तिला आपल्या गावाचा वास यायचा बहुतेक, कारण ती तिथे डोळे मिटून उभी राहायची. आई शाकाहारी, तरी ती नाकाला पदर लावल्यासारखी ओढणी लावून शेजारी थांबायची. शनिवारी बाबांबरोबर ओकर नदीवर बदकं. कुकरच्या शिट्टीला ती आधी घाबरून कान झाकायची. एक दिवस निनाद म्हणाला, ती युना आहे. युना म्हणजे आगगाडी. हा शब्द त्याने कुठून मिळवला ते त्याने सांगितलं नाही. तो घरात सगळ्यांना जर्मनमध्येच उत्तरं द्यायचा, पण हेल्मीसाठी त्याने गुपचूप पुस्तक चाळलेलं दिसत होतं. त्यानंतर शिट्टी झाली की ती युना आली म्हणून ओरडायची, आणि शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, आल्झो, मग काय, आज किती गाड्या आल्या.

काकू रोज दुपारी फोन करायची. आडवी पडलेली, केस उशीवर पसरलेले. ती कधी येणार याबद्दल बोलत नसे. हेल्मी कुठे आहे ते विचारायची, कुठल्या खोलीत, कशावर, कशाखाली, आणि हेल्मी फोन घेऊन सगळं घर दाखवत फिरायची. शेवटी काकू नेहमी एकच वाक्य म्हणायची, त्यातला शेवटचा शब्द मला कळत नसे. कोह्ता तुलेत ॲइदिन लुओ. लवकरच तू येशील, आईच्या, आणि पुढे लुओ. मी ते एखादं लाडाचं नाव असेल असं समजून सोडून दिलं होतं.

तो दिवस गुरुवारचा होता, बाजाराचा. आम्ही पिशव्या घेऊन निघायच्या बेतात असताना काकाचा फोन आला. पुन्हा रक्तस्राव सुरू झाला होता, खूप. बाळ आत्ताच काढावं लागणार होतं, दिवस भरायला अजून बराच अवकाश असताना. काकूला आत नेत होते. बाबा त्या दिवशी घरून काम करत होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, म्हणजे आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल. काकाचा आवाज विचित्र सपाट होता. तो मला म्हणाला, मुक्ता, हेल्मीला काही कळू देऊ नकोस, तिला सांग की ॲइती रविवारी येणार आहे.

मी हेल्मीकडे पाहिलं. ती बाजाराची टोपी घालून दारात उभी होती. रविवारी म्हणजे सुन्नुन्ताइना. शब्द मला येत होता. तो तोंडातून निघेना.

आई पुढे झाली. 'नाही, भावजी,' ती म्हणाली. 'असा वार सांगायचा नाही तिला. तुमचा उद्या ती आता मानत नाही. आमचे वार मानते, तेवढे तरी राहू द्या.'

 काका म्हणाला, 'मग काय सांगू तिला, वहिनी?'

'काही सांगू नका. आम्ही तिला घेऊन निघतो.'

'आणि इथे काही वेडंवाकडं झालं तर?'

'झालं तर ती आईजवळ असेल,' आई म्हणाली. 'इतक्या लांब, आमच्या टेबलाखाली नसेल.'

बाबांनी आईकडे पाहिलं. मग ते उठले आणि ऑफिसला फोन करायला आतल्या खोलीत गेले. निनादला घरीच थांबायचं होतं, दुसऱ्या दिवशी त्याची शाळा होती. आईने दशम्या गुंडाळल्या, मेतकुटाची बाटली घेतली, थोडा मऊ तांदूळ घेतला. मी हेल्मीचे कपडे भरले, आणि ती मला काय चाललंय म्हणून विचारू लागली तेव्हा मी सरळ सांगितलं की आपण जातोय साइरालान, हॉस्पिटलमध्ये. वाक्य अगदी बरोबर होतं. जाण्याला लागतो तोच प्रत्यय लावला होता. हेल्मी टेबलाखाली गेली.

ती रडत नव्हती. टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसली होती आणि एकच सांगत होती, एइ साइरालान. हॉस्पिटलमध्ये नाही. मी खाली बसले. तिला समजावण्याइतकी भाषा माझ्याकडे नव्हती. पण तिला काय वाटत होतं ते समजण्याइतकी होती. आई तिथे गेली आणि परत आली नाही. त्या जागेच्या आत जाता येतं, तिथून बाहेर येता येत नाही. मी तिला आत चल म्हणत होते. बाबा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे. घड्याळाकडे बघायचं ते टाळत होते.

आई माझ्यामागे येऊन वाकली. 'हॉस्पिटलात काय म्हणतेस तिला,' ती हलक्या आवाजात म्हणाली. 'आईकडे म्हण ना.'

आईकडे. माणसाकडे जायचं तर त, वर, काही चालत नाही, कडेच लागतं. तसा शब्द त्या भाषेत असणारच. पण धड्यात तो अजून आला नव्हता, आणि पुस्तक कुठे होतं कोण जाणे. आणि मग मला तो ऐकू आला, काकूच्या आवाजात, रोज दुपारी ऐकलेला. ॲइदिन लुओ. ते नाव नव्हतं. आईच्या, आणि मग लुओ. जसं टेबलाच्या, आणि मग खाली.

'मेन्नॅन ॲइदिन लुओ,' मी म्हणाले. चल, आईकडे जाऊ.

हेल्मीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ओन्को ॲइती सिएल्लॅ. आई आहे तिथे? आहे, मी म्हणाले. त्या क्षणी ते खरं होतं, आणि त्याहून जास्त मला काही ठाऊक नव्हतं. तिने टेबलाचा पाय सोडला. टोपी तशीच डोक्यावर, ती स्वतः दोन पायांवर जिना उतरून गाडीत जाऊन बसली.

तो प्रवास मला सलग आठवत नाही. कासेलच्या पुढच्या टेकड्या आठवतात, ट्रकची रांग आठवते, आणि आईने कागदात गुंडाळून दिलेली दशमी, जी मी अर्ध्या रस्त्यापर्यंत हातात धरून होते. बाबांनी रेडिओ लावला नाही. फोन समोर खाचेत उभा होता आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. हेल्मी झोपली. व्युर्त्सबुर्गच्या अलीकडे फोन वाजला. मुलगा झाला होता, लहानसा, पण रडला होता. काकूचं रक्त फार गेलं होतं, तिला रक्त देत होते, ती अजून शुद्धीवर आलेली नव्हती. आईने डोळे मिटले. बाबा म्हणाले, बरं, आणि गाडीचा वेग जरा कमी केला. पुढच्या थांब्यावर आम्ही उतरलो. त्यांनी तोंड धुतलं, आणि मग पुन्हा निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा काकू जागी होती. चेहरा इतका पांढरा की तो उशीवर आहे की उशीत ते कळू नये. हेल्मी दारातच थांबली. मला वाटलं होतं ती धावत जाईल. ती गेली नाही. एकदा आईकडे, एकदा सलाइनच्या नळीकडे, एकदा पोटाकडे तिने नीट पाहून घेतलं आणि विचारलं, मिस्सॅ वाउवा ओन. बाळ कुठे आहे? काकू काहीतरी बोलली, त्यातला शेवटचा तुकडा मला ओळखू आला, कापिस्सा. कपाटात. कमी दिवसांच्या बाळांना ठेवतात त्या काचेच्या पेटीला फिनिशमध्ये तसलंच काहीतरी कपाट म्हणतात, हे मला पुढे कळलं. हेल्मीला तिथे एकच कपाट दिसत होतं. ती गेली, तिने भिंतीतलं कपडे ठेवायचं कपाट उघडलं, आत काकूच्या कोटाखाली वाकून बघितलं, आणि वळून गंभीरपणे सांगितलं की इथे नाही. काकू हसायला लागली. टाके ताणले म्हणून तिने पोटाला हात लावला, तरी हसत राहिली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग काकाही. हेल्मी पलंगावर चढली आणि आईच्या हाताखाली शिरून झोपली. बाळ तिने दुसऱ्या दिवशी काचेतून पाहिलं आणि तिचं फारसं समाधान झालं नाही.

आम्ही दोन दिवसांसाठी म्हणून गेलो होतो. बाबा रविवारी परतले, निनाद एकटा होता म्हणून. आई आणि मी काकाच्या घरी थांबलो. आईने कँटीनला फोन करून रजा मागितली, जर्मनमध्ये, स्वतः, मला न विचारता. रोज सकाळी ती गुरगुट्या भात करायची, त्यावर तूप-मेतकूट घालून डब्यातून न्यायची. पहिल्या दिवशी काकूने एक घास घेतला आणि म्हणाली की तिची आई तांदळाची अशीच पेज करायची, फक्त दुधात. दोघी मग भाताबद्दल बोलल्या, त्या दोघींच्या इंग्रजीत, आणि मी भाषांतर करायला पुढे सरकले तेव्हा आईने मला हाताने थांबवलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून आईचा आवाज आला, 'सातू, थोडा अजून घे.' मराठीत. आतून उत्तर आलं, 'बस, वहिनी.' आणि चमचा वाटीला लागल्याचा आवाज.

आईची रजा संपता संपता काकू घरी आली, आणि त्यानंतर काही दिवसांनी बाळही. त्याचं नाव त्यांनी एलिआस ठेवलं, कारण ते तिन्ही भाषांत नीट म्हणता येतं असं काकाचं म्हणणं. तो आता माझ्याहून वीतभर उंच आहे. हेल्मी मोठी होऊन सुइणीचं काम शिकली, आणि तिला त्या उन्हाळ्यातलं जवळजवळ काही आठवत नाही. मासळीच्या गाडीचा वास आठवतो म्हणते. तेवढंच. मी तिला ही हकीकत कधी सगळी सांगितलेली नाही.

बाबा आम्हाला न्यायला आले त्या दिवशी हेल्मी दारापर्यंत आली, तिने माझ्या आईला हात हलवून दाखवला आणि आत खेळायला निघून गेली. आईला ते लागलं असावं, पण ती म्हणाली, असंच असायला हवं. गाडीत मी मागे बसले होते, शेजारी हेल्मीची रिकामी खुर्ची. हाइलब्रॉन मागे पडलं. मग आईने पुढे बघतच विचारलं, 'हेल्मी तिथे राहिली, हे त्यांच्यात कसं म्हणायचं गं?'

शेवटच्या आठवड्यात मी तो धडा वाचला होता. मी तिला सांगितलं की तिथे त्यांचं जरा वेगळं आहे. राहिली, मागे थांबली, असं म्हणायचं तर 'मध्ये' हा प्रत्यय चालत नाही. कुठे जाताना जो लागतो तोच लावायचा. जायचं असो की राहायचं असो, तिथवर पोचणं आहेच, असं धरतात ते.

'राहायलासुद्धा?'

'हो. आपण जर्मनीत राहिलो, हे म्हणायचं तर यॅइम्मे साक्सान. साक्सा म्हणजे जर्मनी. साक्सास्सा म्हटलं असतं तर जर्मनीत. पण इथे साक्सान म्हणायचं. जर्मनीला जातोय म्हणताना म्हणतात तसंच.'

आईने मनातल्या मनात ते दोनदा म्हटलेलं मला तिच्या ओठांवरून दिसलं. बाहेर द्राक्षांचे मळे संपून सपाट शेतं लागली होती. बाबांनी काच थोडी खाली केली.

'बरोबर आहे त्यांचं,' आई म्हणाली. 'मला इथे राहायला यायला बारा वर्षं लागली.'